कडू चावी

१

पाळण्यात बाळ नव्हतं.

बाळाच्या जागी उशी होती, आणि उशीला दुपटं असं गुंडाळलं होतं की दारातून बघणाऱ्याला वाटावं, पोर गाढ झोपलंय. द्वारकेने दुपटं उचललं, उशी उचलली, मग वेड्यासारखं पाळण्याखाली वाकून पाहिलं. महिनाही न भरलेलं पोर कुठे रांगत जाणार? तरी तिने कपाटामागे पाहिलं, खिडकीचे गज एकेक करून हलवले. गज जागच्या जागी होते. दाराला कुलूप होतं, आणि ते तिने आत्ताच, स्वतःच्या चावीने उघडलं होतं.

ती तशीच कचेरीकडे धावली.

एकोणीसशे बत्तीस सालचा मे महिना उतरणीला लागला होता. रत्नागिरी गावाबाहेर, खाडीच्या वरच्या अंगाला, उघड्याबोडक्या कातळाच्या सड्यावर महारोग्यांचा एक धर्मादाय आश्रम होता. भोवती चिऱ्याची उंच भिंत, भिंतीला एकच लोखंडी दार, आणि आवाराच्या मधोमध चुन्याची पांढरी रेघ. रेघेच्या अलीकडे डॉक्टर आगाशांची कचेरी, मुदपाकखाना आणि ही बाळाची खोली. पलीकडे बायकांचा वॉर्ड, पुरुषांचा वॉर्ड आणि झाडं. पलीकडची माणसं रेघ ओलांडत नसत. काही जण वीस वीस वर्षं तिथे होते. त्यांना घरून न्यायला कुणी येत नसे, आणि बाहेर पडले तर गाव पुन्हा हाकलून आणून सोडत असे.

द्वारका तिथली नर्स. पुण्याला शिकलेली, नवरा वारल्यावर तान्ह्या चिमीला घेऊन इथे आलेली. दाराबाहेरच्या दोन खोल्यांत तिचं बिऱ्हाड होतं. चिमीने दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही हा तिचा स्वतःचा कायदा होता. दिवसभर चिमीला दरवान केरूची बायको गोदूबाई सांभाळायची. रात्री पोरीला कुशीत घेताना द्वारका आधी आपली नखं दिव्याजवळ नेऊन बघत असे. पुस्तकात लिहिलं होतं की हा रोग असा सहज लागत नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला दीड वर्षाची पोर नसावी, असं तिला वाटे.

पण आता हे संपणार होतं. मुंबईच्या एका सूतिकागृहात तिला जागा मिळाली होती. उद्या सकाळची आगबोट पावसाळ्याआधीची शेवटची. ती चुकली की बंदर बंद, ते थेट नारळी पौर्णिमा उलटून गेल्यावर उघडायचं. आणि तोवर ती जागा कोण राखून ठेवणार? त्याच बोटीने तुळसाचं बाळही तिने न्यायचं आणि मुंबईच्या अनाथालयात पोचतं करायचं, असं ठरलं होतं.

तुळसा पूर्णगडची. पाठीवर आणि गालावर चट्टे, हात मात्र धडधाकट. पोटुशी असतानाच तिला इथे आणून सोडली होती. बाळ निरोगी जन्मलं, आणि नियमाप्रमाणे जन्मताच रेघेच्या अलीकडे आलं. रोज संध्याकाळी तुळसा रेघेवर येऊन उभी राहायची आणि द्वारका बाळाला खिडकीशी धरायची. चार दिवसांपूर्वी तुळसा म्हणाली होती, "बोटीत नको गो घालू त्याला. तुझ्याजवळच ठेव ना. तू इथंच रहा."

"माझं लेकरू आहे, तुळसा," द्वारका म्हणाली होती.

आणि आज पाळण्यात उशी होती.

२

"कुलूप फोडलेलं नाही," डॉक्टर आगाशे म्हणाले. "चावी एकच. ती तुमच्याजवळ."

"माझ्याजवळ नव्हती. नहाणीत खिळ्याला होती. नियम तुमचाच आहे, डॉक्टर."

नियम खराच होता. रेघेवर, बाळाच्या खोलीला लागून, एक नहाणी होती. तिला एक दार अलीकडे, एक पलीकडे. रोज सकाळी बाळाला न्हाऊमाखू घालून, धुरी देऊन निजवलं की द्वारका खोलीला कुलूप लावायची, नहाणीत स्वच्छ लुगडं दोरीवर टाकायची, चाव्या खिळ्याला अडकवायची आणि वॉर्डाचं लुगडं नेसून पलीकडे जायची. स्वच्छ बाजूची वस्तू वॉर्डात न्यायची नाही, चावीसुद्धा नाही. मग वॉर्डाच्या पडवीत सगळ्यांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, कडूकवठाच्या तेलाच्या सुया टोचायच्या. परत येताना वॉर्डाचं लुगडं पलीकडच्या दाराबाहेरच्या फिनेलच्या पिंपात टाकायचं, आंघोळ करायची आणि मग स्वच्छ लुगड्याला हात लावायचा. आजही तसंच झालं होतं. दोरीवरच्या लुगड्याचा पदर एका जागी ओला लागला तेवढाच काय तो फरक. आंघोळीचं पाणी उडालं असेल, म्हणून तिने लक्ष दिलं नव्हतं.

"म्हणजे सगळी सकाळ चावी कुणाच्याही हाती लागण्यासारखी होती," ती म्हणाली.

"कुणाच्याही म्हणजे? अलीकडे आपण चौघं. मी, तुम्ही, काशीराम आणि केरू." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला की त्याचा आवाज करडा व्हायचा. "बोलवा त्यांना."

स्वयंपाकी काशीराम पंच्याला हात पुसतच आला. "मी दूध आणलं, दाराला कुलूप बघितलं, उंबऱ्यावर तांब्या ठेवला, मांजर शिवू नये म्हणून वर चिरा ठेवला नि गेलो. मला पोर चोरून काय करायचंय हो? माझ्या घरात सात आहेत. चोर कुणी ठाऊक असला तर त्याला माझं घर दाखवा."

"थट्टा पुरे. आत आवाज होता बाळाचा?"

काशीराम विचारात पडला. "नव्हता. रोज भांडं वाजलं की जागं होऊन रडतं. आज गप होतं."

म्हणजे तेव्हाच पाळण्यात उशी होती, द्वारकेच्या मनात आलं.

केरू दरवान आला तो आधीपासूनच चिडलेला. "माझ्या दारातून माशी गेली असेल तर मिशी उतरवतो!"

"तुला आणि गोदूबाईला मूल नाही. हे बाळ आम्हाला द्या म्हणून तू आश्रमाच्या कमिटीच्या लोकांपाशी बोलला होतास," डॉक्टर म्हणाले.

"बोललो होतो. मागणारा चोर असता का, साहेब? चोर मागत नाय."

"सकाळपासून बाहेर काय काय गेलं?"

केरूने एकदा द्वारकेकडे पाहिलं आणि नजर जमिनीकडे वळवली. "एक बोचकं गेलं."

"कुणाचं?"

"नर्सबायच्या धुण्याचं. गोदूनं नेलान. तिनंच दिलान ना तिच्याकडे."

डॉक्टरांनी केरूला पाठवून बोचकं मागवलं. आत द्वारकेची नहाणीतली लुगडी होती, दुसरं काही नव्हतं. केरूची खोपी आणि द्वारकेच्या दोन खोल्याही बघून झाल्या. बाळ नव्हतं. पण डॉक्टरांच्या कपाळावरची आठी गेली नाही.

"रोज त्या बाईला खिडकीशी कोण बोलावतं? तुम्ही. बाळ बोटीत घालायला नको, हे तिचं म्हणणं माझ्याकडे कोण घेऊन आलं? तुम्ही. बोचकं कुणाचं? तुमचं. मी काहीच म्हणत नाही, द्वारकाबाई. पण संध्याकाळी फौजदार येतील. बाळ मिळेपर्यंत हे दार उघडणार नाही, आणि तुम्ही त्याच्या आतच राहायचं."

"उद्याची बोट—"

"बाळाशिवाय कसली बोट?"

बाहेर केरूने अडसर घातल्याचा आवाज आला. इतके दिवस द्वारका तो आवाज दाराच्या दुसऱ्या बाजूने ऐकत आली होती.

३

वॉर्डाची झडती सुरू झाली. पुढे डॉक्टर, मागे काठी घेतलेला केरू. द्वारकेला रेघेवरच थांबायला सांगितलं होतं.

"तुम्ही आत यायचं नाही. तुमच्या देखत ही माणसं खरं बोलणार नाहीत," डॉक्टर म्हणाले.

तिने लांबून सगळं पाहिलं. डॉक्टर उंबऱ्यावर उभे राहत. आतल्या बाया आपापल्या हाताने ट्रंका उघडून दाखवत, गोधड्या झटकत. जिला बोटंच नव्हती ती दातांनी गाठ सोडी. केरू काठीच्या टोकाने चिंध्या उलट्यापालट्या करी आणि चटकन मागे सरके.

पडवीच्या कोपऱ्यात येसूबाई बसली होती. हर्णैची कोळीण, आश्रमातली सर्वांत जुनी. वीस वर्षांत तिची बोटं झिजून गेली होती. जीभ मात्र शाबूत होती. आज एवढ्या उकाड्यात ती गळ्यापर्यंत कांबळं पांघरून, भिंतीला टेकून बसली होती.

"डाक्टर, काठी जरा लांबच घ्या हो," ती ओरडली. "माझी गोधडी चावते."

"काय होतंय, येसूबाई?"

"ताप भरलाय. अंगाला कापरं सुटलंय. तुमचं काय ते बघा नि जावा, मला बोलवत नाय." एवढं म्हणून ती जोरजोराने खोकली.

या रोगात असा ताप येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी क्विनीनची गोळी एका बाईच्या ओंजळीत वरून टाकली आणि ते पुढे गेले. आतून कुणीतरी भजन सुरू केलं, आणि बघता बघता सगळा वॉर्ड गाऊ लागला. द्वारकेला वाटलं, बिचाऱ्या घाबरल्यात.

तिचा हात शिवशिवत होता. तापलेल्या कपाळाला हात लावून बघायची तिची सवय. इथे आल्यावर पहिल्यांदा तिने येसूबाईच्या कपाळाला हात लावला तेव्हा म्हातारी दचकून मागे सरली होती आणि मग कितीतरी वेळ रडली होती. पुढे त्याच म्हातारीने द्वारकेला मासळी निवडायला शिकवलं, चिमीच्या पोटदुखीवर लांबूनच औषध सांगितलं, आणि मुंबईच्या नोकरीचं कळल्यावर दोन दिवस अबोला धरला.

पुरुषांच्या वॉर्डातही काही निघालं नाही. तिथला भागोजी आंब्याखालचा वाळल्या पानांचा पातेरा टोपलीत भरत होता. जयगडचा, एके काळी बोटीवर खलाशी असलेला. रोग अजून त्याच्या पायांतच होता, म्हणून बागेचं काम त्याच्याकडे. डॉक्टरांनी त्याची टोपली काठीने उलटी करवली. नुसती पानंच पडली.

"आणखी भरून देऊ?" भागोजीने विचारलं.

विहिरीत गळ टाकला, शेण्यांची खोप हलवली, माळ्यावर चढून पाहिलं. बाळ कुठेच नव्हतं. डॉक्टर घाम पुसत परत आले ते द्वारकेच्या नजरेला नजर न देता. "आत नाही," एवढंच म्हणाले.

आत नाही आणि बाहेरही नाही. मग उरलं कोण, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

रेघेच्या पलीकडे तुळसा येऊन उभी राहिली होती. ती रडत नव्हती. "नर्सबाय, माझं पोर गो?" तिने विचारलं.

४

दुपार कलली. दाराशी चिमीचा भोंगा ऐकू आला.

द्वारका धावत गेली. दाराच्या गजांपलीकडे गोदूबाई चिमीला कडेवर घेऊन उभी होती. "सकाळधरनं आई आई करतंय. भाताला शिवत नाय. काय करू, बाय?"

चिमीने गजांतून दोन्ही हात आत घातले. द्वारकेने ते हात गालाला लावले, ओठांना लावले. पोरगी तिच्याकडे यायला धडपडत होती आणि मध्ये लोखंड होतं. जवळच स्टुलावर केरू बसला होता. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

फौजदार येणार. मग प्रश्न, मग तालुक्याची कचेरी. आणि चिमी? चिमी दिराच्या घरी जाणार. दिराने आधीच निरोप धाडला होता की मुलीला आमच्याकडे ठेवा आणि तुम्ही खुशाल रोग्यांची सेवा करा.

"उगी, उगी गो माझी बाय." तिने कमरेचा जुडगा सोडून चिमीपुढे धरला. दात येऊ लागल्यापासून चिमीला त्या चाव्यांचं वेड. संध्याकाळी आई दिसली की आधी चाव्यांवर झडप, आणि मोठी पितळी चावी, तीच बाळाच्या खोलीची, थेट तोंडात. आश्रमातली माणसं लांबून बघून हसायची.

चिमीने चावी तोंडात घातली.

आणि तिचा चेहरा आक्रसला. तिने थुंकी टाकली, जीभ बाहेर काढली आणि असा टाहो फोडला की सड्यावरच्या टिटव्या उडाल्या.

"काय गो झालं? चावी चावली की काय?" गोदूबाई घाबरली.

द्वारकेने जुडगा हिसकून घेतला, नाकाशी नेला. तिच्या स्वतःच्या हातांना दिवसभर तो वास असायचा, म्हणून इतका वेळ तिला कळलं नव्हतं. तिने जिभेचं टोक चावीला लावलं. कडू, जळजळीत. फिनेल.

"पाणी पाज तिला, तोंड धू, आधी तोंड धू!" ती ओरडली. गोदूबाई खोपीकडे पळाली. चिमीचं रडणं लांब लांब जात राहिलं.

द्वारका जुडगा हातात धरून उभी राहिली. बाकीच्या चाव्यांना वास नव्हता, फक्त या एकीला. ही चावी जुडग्यातून काढली होती, वापरली होती, फिनेलच्या पिंपात बुडवली होती आणि ओलीच परत अडकवली होती. त्याचेच थेंब लुगड्याच्या पदरावर पडले होते.

चावी धुऊन ठेवणारा हा कसला चोर?

ती वळली. तुळसा अजून रेघेवर उभी होती, चिमीच्या रडण्याच्या दिशेने बघत. गेले पंधरा-वीस दिवस भिंतीपलीकडे कुठलंही मूल रडलं की तुळसाला पान्हा फुटायचा. दूध आटावं म्हणून मोगऱ्याची फुलं बांधली, पट्टे आवळले, तरी चोळी भिजून ओघळ पोटावर यायचे, आणि ती ओशाळून पदर ओढून घ्यायची. चिमीने आत्ता सगळा सडा डोक्यावर घेतला होता.

तुळसाची चोळी कोरडी ठणठणीत होती.

५

द्वारकेने रेघ ओलांडली. लुगडं न बदलता, अंगावरच्या स्वच्छ लुगड्यानिशी. मागे केरू ओरडला, "बाय, अहो बाय, लुगडं!" कचेरीतून डॉक्टरांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती थांबली नाही. पडवी चढून ती येसूबाईपुढे जाऊन उभी राहिली. वॉर्डातलं भजन बंद पडलं.

"ताप कसा आहे, येसूबाई?"

"आहे तसाच. जा तू. आज तुला बंदी आहे ना?"

"आहे. म्हणूनच तुमचं निभावलं." द्वारका खाली बसली. "ऐका मी काय म्हणते ते. खोलीची चावी सकाळी कुणीतरी नेली आणि नंतर धुऊन ठेवली. केरूने नेली असती तर धुतली असती का? काशीरामने? ते आपले हात कशाला विटाळाचे मानतील? चावी कोण धुतो? ज्याला सांगून ठेवलंय की तू हात लावलास ती वस्तू धुतल्याशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही, तोच. म्हणजे चोर रेघेच्या या बाजूचा."

येसूबाई कांबळ्याची कड दातात धरून बसली होती.

"सकाळी तुम्ही सगळ्या माझ्यासमोर पट्ट्यांना बसला होतात. तुळसाही होती. पट्टी लागत नाही असा एकच माणूस आहे. त्याची बोटं चांगली आहेत, आणि पातेरा गोळा करत तो रेघेपर्यंत येतो तेव्हा त्याला कुणी काय म्हणत नाही. झडतीत त्याची टोपली रिकामी निघाली, कारण ती सकाळीच इथे मागच्या दाराशी उतरली होती."

पडवीच्या टोकाला भागोजी येऊन उभा होता. त्याने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

"आणि बाळ जिवंत आहे. त्याचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून तर तुमचं भजन. दुपारपर्यंत आईचं दूध प्यायलंय. तुळसाकडे बघून कळतं. मग ते आहे कुठे? डॉक्टरांनी ट्रंका बघितल्या, गोधड्या बघितल्या, विहीर बघितली. या आश्रमात एकच जागा अशी आहे जिला काठीसुद्धा लावायची कुणाची हिंमत नाही." ती आणखी पुढे सरकली. "रोज त्या जागेला फक्त मी हात लावते, आणि आज मला लांब ठेवलं होतं."

तिने कांबळ्याची कड धरली. येसूबाईने ती सोडली.

आत, म्हातारीच्या पोटाशी जुन्या लुगड्याच्या झोळीत बांधलेलं बाळ तोंड उघडं टाकून झोपलं होतं. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते. येसूबाईने आपल्या पट्ट्यांवर दुसरं धुवट फडकं गुंडाळून घेतलं होतं, आपलं अंग त्याला लागू नये म्हणून.

द्वारकेने झोळी सोडवली आणि बाळ उचललं. इतका वेळ आवरलेला राग एकदम वर आला. "लाज नाही वाटली? मी तुमच्या जखमा धुतल्या! माझी पोर तिकडे दारापाशी ऊर फुटेस्तोवर रडतेय. मी आत कोंडले गेले. संध्याकाळी फौजदार मला नेणार होता, ठाऊक होतं ना?"

"तो कसला नेतोय," येसूबाई म्हणाली. "त्याला दारातून आत यायची भीती. बोट सुटली की आम्हीच सांगणार होतो गो. पोर पळवून आम्हाला कुठं न्यायचंय? बोट तेवढी चुकवायची होती. पुढची बोट पावसाळ्याबाद. तेवढे महिने तुळसानं खिडकीतून बघितलं असतान त्याला."

"आणि दार? मला आत ठेवून दार लावलं ते?"

येसूबाई गडबडली. तिने भागोजीकडे पाहिलं. भागोजीने मान खाली घातली.

"दार लावतील हे ध्यानातच नाय आलं," म्हातारी हळूच म्हणाली. "आमचं ते रोजचंच लावलेलं."

बाळाने झोपेत ओठ चोखल्यासारखे केले.

"चावी कुणी धुतली?" शेवटी तिने विचारलं.

"मी," भागोजी म्हणाला. "येसूबायनं बजावलं होतान. बाळ एक वेळ राहू दे, पण चावी बुडवल्याबिगर लावू नको. तुझी चिमी तोंडात घालते."

६

डॉक्टर रेघेवर उभे होते. द्वारका बाळाला घेऊन समोर आली तेव्हा त्यांच्या तोंडून आधी सुस्कारा निघाला, आणि मग, "कुठे होतं?"

"आतच."

"कुणी केलं हे?"

"ते मी सांगणार नाही. बाळ मिळालं, ते धड आहे, आणि ज्यांनी नेलं त्यांना ते पळवायचं नव्हतं. फौजदारांना निरोप धाडा की सडा चढून यायची तसदी घेऊ नका."

डॉक्टर थोडा वेळ तिच्या लुगड्याकडे बघत राहिले, आणि मग बाळाकडे. "दिवसभर वॉर्डात होतं. कुणाच्या अंगाशी?"

तिने बाळाच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला.

"म्हणजे झालं. अनाथालयाला दाखला लागतो की मूल जन्मल्यापासून रोग्यांपासून वेगळं ठेवलंय. आता मी त्यावर सही कशी करू? खोटी?" ते रेघेच्या कडेने येरझाऱ्या घालू लागले. "बोटीने हे जात नाही. तुमचं म्हणाल तर तुम्ही मोकळ्या आहात. मी संशय घेतला त्याबद्दल... असो. केरू, दार उघड. बाईंना जाऊ दे."

केरूने अडसर काढला. दार उघडलं. बाहेर गोदूबाई चिमीला घेऊन उभी होती.

"गोदू," केरू म्हणाला, "पोर द्यायला झालंय बहुतेक. घेऊ या?"

गोदूबाई एक पाऊल पुढे आली. बाळाचा चेहरा तिने पाहिला. मग वॉर्डाच्या पडवीकडे पाहिलं, आणि ती दोन पावलं मागे सरली. "आत राहिलेलं? नको हो. सकाळचं दिलं असतं तर... आता नको." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं.

"मग याला बघणार कोण?" डॉक्टर कुणालाच उद्देशून बोलले नाहीत. "नवी नर्स मिळेपर्यंत काशीराम दूध पाजणार की काय!"

"सात पाजलीत," काशीराम मुदपाकखान्याच्या दारातून म्हणाला.

दार उघडं होतं. द्वारकेला तिथून आपल्या बिऱ्हाडाची कौलं दिसत होती. आत दोन ट्रंका बांधून तयार होत्या. पहाटे बैलगाडी यायची होती, मग धक्का, मग होडी, मग बोट. मुंबईला वॉर्डातून घरी जाताना नखं दिव्याजवळ न्यावी लागली नसती. मागे तुळसा उभी होती. या वेळी तिने काही मागितलं नाही. येसूबाईने कांबळं बाजूला टाकलं होतं आणि उघड्या अंगावर वारा घेत ती दुसरीकडेच बघत होती, जणू द्वारका मघाशीच निघून गेली.

"हे माझ्याबरोबर बाहेर राहील," द्वारका म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

"तुमच्या खोल्यांत? चिमीच्या शेजारी?" डॉक्टर थबकले. "आणि मुंबई?"

"दाखल्याशिवायचं मूल मुंबईला कोण घरात घेऊ देईल?"

"लोक बोलतील. विधवा बाई, तान्हं पोर—"

"बोलू देत. इथवर येऊन तर बोलणार नाहीत." तिला रडू येत होतं, आणि कशाचं ते तिला सांगता आलं नसतं. "संध्याकाळी मी त्याला रेघेपर्यंत आणीन. खिडकीतून नाही. रेघेपर्यंत."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "मी तुम्हाला फसवणार नाही, द्वारकाबाई. एका दिवसाने काही होत नाही, असं मला वाटतं. पण वाटतं एवढंच. काही वर्षं त्याचं अंग तपासत राहावं लागेल. आणि तुमच्या मुलीचंही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगबोटीचा भोंगा खाडीवरून सड्यापर्यंत आला. द्वारकेने दारासमोरच्या उन्हात चटई टाकली होती. चिमीला उघडी करून तिने आधी पालथी घातली. चिमी खिदळत होती, लाथा मारत होती. द्वारकेने मानेपासून सुरुवात केली. मान, खांदे, पाठीचा कणा, कमरेचे खळगे, मांड्यांची मागची बाजू. चामडीचा रंग कुठे फिका पडलाय का, ते ती बोट फिरवत, तिरप्या उन्हात डोळे बारीक करून बघत होती. एका जागी ती थांबली, श्वास रोखून. घामोळं होतं.

मग तिने बाळाला चटईवर घेतलं आणि पुन्हा मानेपासून सुरुवात केली.